तेराव्या ग्रीनवरची फट

१

नवीन मैदान बघायला जाताना बाई त्याच्याबद्दल आधी एक अक्षरही वाचत नसत. नव्या सुनेबद्दल शेजारणीला विचारू नये, चार दिवस घरात वावरताना बघावी, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षांत त्यांनी दोनशे अकरा गोल्फ मैदानांच्या रचनेला गुण दिले होते आणि दिलेले गुण एकदाही मागे घेतले नव्हते. परीक्षक मंडळात त्यांना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या सुखावल्याच होत्या. पट्टीला लोक नावं ठेवतात, पण सरळ रेघ मारायची वेळ आली की तीच शोधतात.

लोकांना वाटतं, मैदानाचे गुण म्हणजे गवत किती हिरवं. पाणी घातलं की गवत कुठेही हिरवं होतं. बाई बघायच्या ते वेगळंच. अठरापैकी प्रत्येक होल, म्हणजे चेंडू मांडण्यापासून झेंड्याखालच्या खळीपर्यंतचा टप्पा, खेळणाऱ्याला काही प्रश्न विचारतो का? चेंडू मांडून उभं राहिल्यावर नजर आपोआप कुठे जाते? ती रचनाकाराने नेलेली असते, की उगाच भरकटलेली? चांगलं मैदान माणसाच्या हनुवटीला बोट लावून त्याचं तोंड हवं तिकडे वळवतं, आणि माणसाला वाटतं आपणच बघितलं. हे बाईंचं आवडतं वाक्य होतं आणि ते त्या दरवर्षी नव्या परीक्षकांना ऐकवत.

सोबत भावजी होते, म्हणजे बाईंचा धाकटा दीर. जन्म जमिनीच्या मोजणीत गेलेला, आता निवृत्त. बाईंच्या यजमानांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनीच सुचवलं होतं की आता धाकट्याला घेऊन जा. बायको गेल्यापासून तो घरातल्या फरशा मोजत बसतो. तेव्हापासून चार वर्षं भावजी प्रत्येक दौऱ्यावर असत. खेळायचे नाहीत. काठीने चेंडू लांब घालवायचा आणि मग त्याच्यामागे पायपीट करायची, त्यापेक्षा तो हातात घेऊन गेलं तर दुपारच्या आत घरी पोचतो, असं त्यांचं मत. पण अंतर मोजायची दुर्बीण त्यांच्या गळ्यात असे, आणि त्यांनी सांगितलेला आकडा कधी चुकत नसे.

हे मैदान खासगी होतं, उघडून जेमतेम वर्ष झालेलं. व्यवस्थापक तरणाबांड, परीटघडीचा माणूस. त्याने दोघांना सकाळच्या चहाला जेवणघरात नेलं. मोठं दालन, लाकडी जमीन, आणि एका बाजूला छतापासून खालपर्यंत अखंड काच. बाई सवयीने काचेकडे तोंड करून बसल्या आणि थबकल्या. काचेतून गाड्या उभ्या करायची जागा दिसत होती. डांबर, पांढरे पट्टे, चार गाड्या. मैदान होतं पाठीमागे, बिनखिडकीच्या भिंतीपलीकडे.

बाईंनी विचारलं तेव्हा व्यवस्थापक हसून म्हणाला की सभासदांना आपापल्या गाड्या डोळ्यांसमोर असलेल्या आवडतात.

“बरोबर आहे,” भावजी म्हणाले. “मैदान काय, कोणी चोरून नेत नाही.”

बाई हसल्या. पण वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: काच उलट्या बाजूला. का?

२

पहिल्या तीन होलांतच बाईंच्या लक्षात आलं की आपण फार मोठ्या कारागिराच्या हातात आहोत.

पहिल्या होलवर जमीन डावीकडे इतकी अलगद उतरत होती की पाय आपोआप तिकडे वळत. दुसऱ्यावर वाळूचा एकच खड्डा होता, पण नेमका असा ठेवलेला की भित्र्याला तो अंगणाएवढा दिसावा आणि धीटाला वाटीएवढा. तिसऱ्यावर पाणी होतं. बाईंनी पाणी असलेले शेकडो होल पाहिले होते. बहुतेक ठिकाणी ते शोभेला असतं, नाहीतर छळायला. इथे ते वाकून बोलावत होतं. त्यांनी फटका मारला, चेंडू पाण्याच्या काठावरून वळत हिरवळीवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या त्या गुळगुळीत ग्रीनवर, जाऊन थांबला, आणि त्या नकळत “वा” म्हणून गेल्या. वहीत नऊ, साडेनऊ, नऊ असे आकडे पडले. भावजींनी वहीत डोकावून विचारलं की आज पट्टी लवचिक झाली का.

चौथ्या होलच्या सुरुवातीला बुटाची नाडी बांधायला बाई दगडी बाकावर बसल्या. बाक सुरेख होता, बसल्यावर पाठ निवावी असा. फक्त तो एका झुडपाकडे तोंड करून होता. दोन हातांवर झुडूप, मागे खेळाची सगळी जागा. पुढच्या जोडीचा खेळ बघावा म्हणून तर असे बाक ठेवतात. बाईंनी अर्धा गुण कापला.

पाचव्यावर बाक कुंपणाकडे बघत होता. सहाव्यावर बरोबर खेळाच्या दिशेने. सातव्यावर पुन्हा तिरका. बाईंनी कापलेला अर्धा गुण खोडून परत दिला. ज्या माणसाने मातीची एक ढेकूळसुद्धा विनाकारण ठेवली नाही, तो बाक असे वेडेवाकडे ठेवणार नाही. ही चूक नव्हती. हिच्यामागे काहीतरी होतं, आणि ते काय हे जेवायच्या आत कळेल याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

“भावजी, बाकांच्या पाठी कुठल्या दिशेला आहेत ते टिपून ठेवा.”

भावजींनी खिशातलं होकायंत्र काढलं. आपल्याला कोणीतरी कामाचं काहीतरी सांगितलं, म्हणून ते खूश दिसले.

३

अठरावा संपवून दोघं पुन्हा जेवणघरात आले. त्या भल्या मोठ्या काचेसमोर बसून भावजींनी मैदानाचा छापील नकाशा पसरला आणि प्रत्येक बाकाच्या पाठीपासून एक एक रेघ मागे ओढली. दहाएक रेघा होईपर्यंत ते काहीबाही बोलत होते. मग पेन्सिलीला पुन्हा टोक करून त्यांनी उरलेल्या ओढल्या.

अठराही रेघा एका जागी मिळत होत्या. मैदानाच्या जवळजवळ मध्यावर, तेराव्या होलच्या उजवीकडे. जेवणघराच्या आंधळ्या भिंतीची रेघ ओढली, तीही तिथेच गेली.

बाईंना आनंदच झाला. कोडं सुटल्यासारखंच होतं. जिथे काही ओंगळ झाकायचं असतं तिथे रचनाकार असंच करतो: पंपघर, सांडपाण्याची टाकी, विजेचा डबा. पण इतकं पूर्ण झाकलेलं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. त्यांनी व्यवस्थापकाला बोलावून विचारलं. तो म्हणाला की पंपघर फाटकाजवळ आहे, तुम्ही येताना पाहिलंत, आणि टाकी गाड्यांच्या जागेखाली. मधे काही नाही, गवत आहे. नकाशावरच्या रेघा त्याने पाहिल्या, कौतुकाने मान डोलावली, आणि दुसऱ्याच क्षणी जेवणानंतर गोड काय आणू म्हणून विचारलं. तो काही लपवत नव्हता, हे बाईंना स्पष्ट दिसलं. वर्षभर इथे वावरून त्या जागेकडे बघावं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आत्ताही वाटत नव्हतं.

तो गेल्यावर भावजींनी रेघा मिळत होत्या त्या जागेवर बोट ठेवलं. बाकी सगळ्या नकाशावर जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या बारीक रेषा होत्या. तिथे कागद कोरा होता.

“वहिनी, चाळीस वर्षं हेच केलंय मी. मोजणीवाला तळं सोडत नाही, कबर सोडत नाही. एवढी जागा कोरी म्हणजे इथे कोणी माप घेतलेलंच नाही.”

“मग आपण घेऊ,” बाई म्हणाल्या.

४

दुपारी दोघं पुन्हा निघाले. बाराव्या होलवरून सरळ उजवीकडे चालत जायचं, एवढाच बेत. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता.

बाई निघाल्या, आणि पाच मिनिटांनी त्या चौदाव्या होलवर उभ्या होत्या. वाटेत डावीकडे तळ्यावर उन्हाची तिरीप पडली होती, ती बघता बघता पाय वळले होते. त्या मनमोकळं हसल्या आणि परत फिरल्या. दुसऱ्यांदा एका एकट्या झाडाने त्यांना वळवलं; झाड असं होतं की त्याला वळसा घालताना माणसाने त्याच्या सावलीच्या बाजूनेच जावं. तिसऱ्यांदा त्या खाली मान घालून, पावलं मोजत निघाल्या. जमिनीचा उतार पायाखाली इतक्या लबाडीने फिरला की तरीही त्या तेराव्याच्या ग्रीनवरच येऊन पोचल्या.

“दहापैकी दहा,” त्या भावजींना म्हणाल्या. “एकतीस वर्षांत पहिल्यांदा.”

भावजी ऐकत नव्हते. ते ग्रीनच्या उजव्या कडेला बघत होते. तिथे सरूच्या झाडांची दाट रांग होती, आणि रांगेत एक खुंट होता. काळा पडलेला, वरून ताजा कापलेला. झाड गेलं होतं तिथे दोन हातांची फट पडली होती, आणि फटीतून पलीकडचं दिसत होतं.

दिसत होतं म्हणजे काय, तर गवत. उथळ, ताटलीसारखी खोलगट जागा आणि पलीकडे चढ. गवत कापलेलं नव्हतं आणि वाढलेलंही नव्हतं. बाईंनी बारकाईने पाहिलं. एवढ्याचसाठी सगळा खटाटोप? त्यांची जराशी निराशाच झाली.

भावजींनी दुर्बीण डोळ्याला लावली. त्यांनी अंदाज सांगितला की पलीकडचा चढ दोनशे यार्डांच्या आसपास असेल. बटण दाबलं.

“एकशे चौसष्ट.”

बाई म्हणाल्या, गवताच्या टोकांवर किरण अडला असेल. भावजींनी पुन्हा दाबलं.

“एकशे एकसष्ट.”

मग एकशे सत्तावन्न. बाईंनी त्यांना दुर्बीण ग्रीनवरच्या झेंड्यावर लावायला सांगितली. तीनदा एकच आकडा आला, बावीस, आणि पावलांनी मोजला तर बावीसच भरला. यंत्र ठीक होतं. भावजींनी ते पुन्हा फटीकडे वळवलं.

“एकशे बावन्न.” त्यांचा आवाज अगदी शांत होता, कामावरच्या माणसाचा. “मधे काहीतरी आहे, वहिनी. मला दिसत नाही. पण यंत्राला लागतंय.”

बाईंनी दुर्बीण स्वतःच्या हातात घेतली. गवत. स्वच्छ ऊन. कोपऱ्यात आकडा उमटला: एकशे सेहेचाळीस. उन्हाने हवा थरथरते, काच तापते, बॅटरी उतरते, अशी तीन कारणं त्यांनी मनात एकाखाली एक मांडली. तिन्ही बरी होती. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. एकशे अडतीस.

तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या आणि फटीच्या मधे येऊन उभं राहिलं.

साठीचा माणूस, उन्हाने रापलेला, गुडघ्यांपर्यंत मातीचे बूट. फटीकडे पाठ करून, खेकड्यासारखा आडवा चालत तो आला होता. इथली माती उकरली तेव्हापासून मैदानाची देखभाल करणारे ते मुकादम, हे त्यांनी आधी सांगितलं, आणि मग विचारलं, “किती वेळा बघितलंत?”

“सहा. नाही, सात वेळा,” भावजी म्हणाले.

“दुर्बिणीतून?”

“हो.”

मुकादमांनी मनाशी काहीतरी जुळवलं. “बरं. आता नका बघू.”

बाईंनी सरळ विचारलं की तिथे काय आहे. मुकादम म्हणाले की ते त्यांना ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही. रचना करणारे साहेब आता हयात नाहीत. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ते चार महिने इथे नुसते हिंडत होते, आणि तेही असेच आडवे. मालकांना यातलं काही माहीत नाही, त्यांना फक्त यादीत वरचा क्रमांक हवाय. आठ दिवसांपूर्वी वीज पडून हे झाड गेलं. नवी झाडं उद्या सकाळी यायची होती. तोवर परीक्षण पुढे ढकला म्हणून मुकादमांनी विनवलं होतं, पण मुकादमाचं कोण ऐकतो.

“कुंपण का नाही घातलं सरळ?” बाईंनी विचारलं.

“कुंपण घातलं की माणूस भोक शोधतो. भिंत बांधली की शिडी आणतो. साहेब म्हणायचे, पुढ्यात इतकं सुंदर ठेवायचं की मागे बघायची बुद्धीच होऊ नये.” मुकादमांनी हातांवरची माती झटकली. “म्हणून एक मागणं आहे. गुण कमी द्या, बाई.”

“मी रचनेला गुण देते, मुकादम. अशी रचना मी जन्मात पाहिली नाही.”

“माहीत आहे मला. तुम्ही दहा दिलेत तर उद्या तुमच्यासारखे शंभर डोळे येतील. आमच्या सभासदांचं काही नाही, ते चेंडूकडे बघतात. तुम्ही लोक सगळीकडे बघता.”

बाईंनी त्यांना सांगितलं की आजवर आपण कुणाच्या सांगण्यावरून एक दशांशही हलवलेला नाही. ते त्यांनी ठामपणे सांगितलं, आणि परतताना मात्र त्यांच्या लक्षात आलं की आपण तिघंही आडवे चालतोय.

५

संध्याकाळी पाहुण्यांच्या बंगलीत भावजी जेवले नाहीत. शेवटचं माप घ्यायला हवं होतं, असं ते दोनदा म्हणाले. बाईंनी दुर्बीण मागून घेतली आणि आपल्या बॅगेत ठेवून कुलूप लावलं. भावजींनी ती मुकाट्याने दिली, याचंच बाईंना जास्त वाईट वाटलं. एरवी त्यांनी एखादा विनोद केला असता.

सकाळी उजाडताना बाई उठल्या तर भावजींच्या खोलीचं दार उघडं. बंगलीच्या सगळ्या खिडक्या रस्त्याकडे होत्या. भावजी मागच्या बाजूला सापडले, जिथे भिंतीला ना दार ना खिडकी. दवाने ओल्या गवतात अनवाणी उभे होते. तोंड तेराव्याच्या दिशेला. उजवा हात डोळ्यापाशी, मूठ वळलेली, रिकामी.

“भावजी.”

त्यांनी हात खाली घेतला. ओशाळून म्हणाले, “मोजणी अर्धी राहिली की झोप लागत नाही हो, वहिनी. नोकरीत असतानाही असंच व्हायचं.”

“कधीपासून उभे आहात?”

ते त्यांना सांगता येईना.

बाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, पाय पुसायला टॉवेल दिला, चहा केला. भावजी कप दोन्ही हातांत धरून बसले. यजमान निघताना म्हणाले होते, धाकट्याला सांभाळ. साठीपुढच्या माणसाला काय सांभाळायचं म्हणून बाईंनी ते हसण्यावारी नेलं होतं. आता त्यांनी वही उघडली, मिटली, आणि मुकादमांना गाठायला निघाल्या. फट आज बुजायला हवी होती, आणि नीट बुजायला हवी होती.

६

अडचण अशी होती की फट बुजली की नाही हे सांगायला कोणीतरी तिच्यातून बघत राहायला हवं. झाडं तीन होती, मुळांच्या गोळ्यासकट, दीड पुरुष उंच. क्रेन एक. मुकादम म्हणाले की मी बघतो, माझं वय झालंच आहे. बाईंनी त्यांना गप्प केलं. नजर कुठून कुठे जाते हे ओळखण्यात या तिघांत, किंबहुना या धंद्यात, बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुकादम बघत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. बाई ते अर्ध्या तासात करणार होत्या. हा गर्व नव्हता, साधा हिशेब होता.

भावजींना त्यांनी तेराव्याच्या बाकावर बसवलं, फटीकडे पाठ करून. स्वतः ग्रीनच्या मध्यावर उभ्या राहिल्या. मुकादम त्यांच्यासमोर, फटीला पाठमोरे, बाईंच्या हाताकडे लक्ष ठेवून. बाईंचा हात हलला की ते क्रेनवाल्याला खूण करत. क्रेनवाला काही विचारत नव्हता. मान खाली घालून दांडे ओढत होता.

क्रेन मागे येताना शिटी वाजवायची. टूं, टूं, टूं. तिचा पडसाद खोलगट जागेच्या बाजूने परत येत होता. पहिलं झाड बसलं तेव्हा शिटी आणि पडसाद यांच्यात श्वासाएवढं अंतर होतं. बाई बघत राहिल्या. गवत, ऊन, पलीकडचा चढ. काही नव्हतं. त्यांनी हात जरा डावीकडे हलवला.

दुसऱ्या झाडाच्या वेळी क्रेन पुन्हा मागे आली. टूं, आणि लगेच टूं. पडसाद आता शिटीच्या टाचेवर पाय देत येत होता. बाकावर भावजींनी डोकं वर केलं. त्यांची बोटं मांडीवर ठोके मोजत होती.

“भावजी, मोजू नका,” बाई नजर न हलवता म्हणाल्या. बोटं थांबली.

फट वीतभर उरली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पापणी मिटायची त्यांना इच्छा नव्हती. मिटून उघडल्यावर काय बदललेलं असेल हा विचार त्यांनी दाराशीच अडवून धरला होता. वीतभर हिरवं. मग क्रेन तिसरं झाड घेऊन मागे आली, शिटी वाजली, आणि या वेळी पडसाद आलाच नाही. म्हणजे आला होता. तो शिटीबरोबरच आला होता.

वीतभर पट्टीत आता हिरवं नव्हतं.

राखाडी, तपकिरी, उभ्या भेगांचं काहीतरी होतं. बाईंना वाटलं, तिसऱ्या झाडाचं खोड. मग त्यांच्या लक्षात आलं की तिसरं झाड अजून पट्ट्याला लटकतंय, उजवीकडे, जमिनीपासून हातभर वर. पट्टीत होतं ते त्याच्या पलीकडे होतं, रांगेला अगदी खेटून. ते हळूच फुगलं आणि बसलं. पुन्हा फुगलं.

मुकादम बाईंचा चेहरा बघत होते. ते वळले नाहीत.

बाईंनी हात स्थिर धरला. दोन बोटं डावीकडे. अजून जरासं. खाली. झाड उतरलं, मुळांचा गोळा खड्ड्यात बसला, फांद्या एकमेकींत शिरल्या आणि पट्टी मिटली. समोर एकसंध गर्द भिंत होती, आणि तिच्याकडे बघताच बाईंना डावीकडच्या तळ्यावरची तिरीप बघावीशी वाटली. त्यांनी ती बघितली. सुरेख होती.

“झालं,” त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर भावजींनी विचारलं की शेवटी काय दिसलं.

“झाड.”

भावजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मोजणी पुरी झाली होती. गाडीत बसल्यावर पाच मिनिटांत ते झोपले, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे.

७

अहवाल महिनाभरात द्यायचा असतो. तीन आठवडे तो बाईंच्या टेबलावर तसाच पडून होता. अठरा होलांचे आकडे वहीत होते, बेरीज केली तर आजवरच्या सगळ्या मैदानांच्या वर जात होती. ती खरी होती. दिवाणखान्यात यजमान गुडघ्याला शेक देत बसत, आत येऊन विचारत की एवढं काय अडलंय, आणि बाई म्हणत, काही नाही, एक दशांश जुळत नाही.

एका सकाळी मुकादमांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच समजूतदार होता. झाडांनी मूळ धरलं, असं ते म्हणाले. पाऊसपाणी ठीक. मालक क्रमांकाची वाट बघताहेत. मग जरा घुटमळले.

“बाई, त्या दिवशी तीनच लावली ना आपण?”

“तीनच.”

“हं. मला चार दिसतात. माणसांना सांगितलंय मोजू नका म्हणून.” पलीकडे कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज दूर गेला, परत आला. “गुणांचं काय ठरलं?”

“आज पाठवते,” बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दहापैकी साडेचार लिहिले. मंडळात हसतील, फूटपट्टी झिजली म्हणतील, म्हणू देत. नवा परीक्षक त्या मैदानाचं नाव वाचून पान उलटेल, एवढं पुरे होतं. खाली अभिप्रायासाठी दोन ओळींची जागा असते. बाईंनी फार विचार केला नाही. एकतीस वर्षांच्या त्याच सरळ, टोकदार अक्षरात त्यांनी लिहिलं:

“मेहनत घेतलेली आहे. पाहण्यासारखं काही नाही.”

आणि सही केली.